वाकलेले पाय, फॉस्फरस आणि लघवीतलं कॅल्शियम

व्हिटॅमिन डीची पाकिटं देऊन झाली, तरी पाय वाकलेलेच, असं मूल ओपीडीत आलं की मी आधी जुने रिपोर्ट मागते. परवाच्या सहा वर्षांच्या मुलीचा फॉस्फरस २.८ होता. शेजारी २.५ ते ४.५ ही मोठ्या माणसांची रेंज छापलेली, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत भरलाच नाही. या वयात चारच्या खालचा आकडा मी सोडत नाही.

मग सकाळी उपाशीपोटी तपासणी. उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची. पाणी चालेल, दूध-बिस्कीट नाही. दोनेक तासांनी लघवी आणि रक्त एकाच वेळी घ्यायचं. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या असतील तर फॉस्फरस खोटा वाढलेला दिसतो. लेकराला पुन्हा सुई टोचावी लागली तरी तो नमुना वापरू नका.

मूत्रपिंड किती फॉस्फेट परत शोषून घेतं, त्याचा हिशेब असा: लघवीतला फॉस्फरस गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन. त्याला रक्तातला फॉस्फरस गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन यानं भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. तिचं: ५६ × ०.४ भागिले २.८ × ४० म्हणजे ०.२; १ मधून वजा केलं की ०.८, म्हणजे ८० टक्केच परत शोषलं. रक्तात एवढी चणचण असताना मूत्रपिंड २० टक्के फॉस्फेट वाहू देत होतं!

इथे घाई नको. अशा मुलांत नेहमी आढळतो तो एक्सएलएच, म्हणजे एक्स गुणसूत्रातून येणारा फॉस्फेट-गळतीचा आजार. त्यात फॉस्फेटबरोबर कॅल्सिट्रिऑल, म्हणजे सक्रिय व्हिटॅमिन डी, देण्याची जुनी रीत आहे. पण त्याआधी लघवीतलं कॅल्शियम बघाच. तिचं कॅल्शियम-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.४५ आलं; ०.२ च्या वर म्हणजे जास्त.

तेव्हा माझा संशय एसएलसी३४ए३ या जनुकावर गेला. नवव्या गुणसूत्रावरच्या त्याचं प्रथिन मूत्रनलिकेत सोडियमच्या जोरावर फॉस्फेट परत ओढून घेतं. दोन्ही प्रती बिघडल्या की फॉस्फेट गळतं, शरीर स्वतःच सक्रिय व्हिटॅमिन डी वाढवतं, आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. १९८५ मध्ये इस्रायलमधल्या बेदुईन कुटुंबांत हा आजार नोंदला गेला. जनुक सापडलं २००६ मध्ये. यात फक्त फॉस्फेट, दिवसभरात विभागून. वरून कॅल्सिट्रिऑल दिलं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचण्याचा धोका वाढतो. म्हणून सोनोग्राफी आणि जनुकचाचणी सांगायची.

आणि आईवडिलांना मुतखड्याचं विचारा. एकच प्रत बिघडलेल्यांनाही तो होऊ शकतो. या मुलीचे वडील लाजत म्हणाले, "मॅडम, माझा दोनदा काढलाय." त्यांच्या लघवीचाही नमुना त्याच दिवशी घेतला.