रेकॉर्डिंगसाठी एलएनबी घेताना

एलएनबी म्हणजे डिशसमोर बसणारा, उपग्रहाचा सिग्नल पकडून केबलमध्ये देणारा भाग. दुकानात जाण्याआधी एक आकडा पक्का करा: एका वेळी किती ट्रान्सपाँडरवरून (उपग्रहावरून एकेका फ्रिक्वेन्सीवर सिग्नल पाठवणाऱ्या यंत्रांवरून) रेकॉर्डिंग हवंय? चॅनेल मोजू नका. एका ट्रान्सपाँडरवर बरीच चॅनेल असतात, आणि टीव्हीहेडएंडसारखं सॉफ्टवेअर ती एकाच ट्यूनरवरून (एका वेळी एक ट्रान्सपाँडर पकडणाऱ्या भागावरून) एकदम उतरवून घेतं. तीन ट्रान्सपाँडर हवे असतील, तर ट्यूनर तीन, केबल तीन आणि एलएनबीची आउटपुटही तीन. म्हणजे चार आउटपुटचा क्वाड घ्या, चौथं राखीव राहील.

एका केबलच्या दोन करणारा स्प्लिटर लावू नका. डिशवाला ‘चालतंय की’ म्हणेल, तरी नको. केयू बँडच्या युनिव्हर्सल एलएनबीच्या एका आउटपुटवर एका वेळी सिग्नलचा एकच पाव भाग येतो. कोणता, ते ट्यूनर ठरवतो: १३ व्होल्टला व्हर्टिकल (उभं) पोलरायझेशन, म्हणजे लहरींची दिशा, १८ ला हॉरिझॉन्टल (आडवं), २२ किलोहर्ट्झचा टोन दिला की वरचा बँड. पहिला ट्यूनर १३ वर रेकॉर्ड करत असताना दुसऱ्याने १८ मागितले, की एलएनबी तिकडे वळतो आणि पहिलं रेकॉर्डिंग तिथेच तुटतं. दोन्ही चॅनेल एकाच पोलरायझेशनची आणि एकाच बँडची असली तर स्प्लिटरवर सगळं सुरळीत दिसतं. घात होतो तो इथेच, कारण बसवताना नेमकी अशीच दोन चॅनेल लावून दाखवली जातात. तेव्हा एक ट्यूनर, एक आउटपुट, एक सलग केबल.

क्वाडऐवजी क्वाट्रो हातात पडला तर परत करा. त्याची चारही आउटपुट कायमची ठरलेली असतात, मल्टिस्विचशिवाय (प्रत्येक ट्यूनरला हवं ते आउटपुट जोडून देणाऱ्या खोक्याशिवाय) त्याचा उपयोग नाही. छतावरून एकच केबल उतरवता येत असेल तर युनिकेबल एलएनबी (एकाच केबलवरून अनेक ट्यूनरना वेगवेगळा सिग्नल देणारा), पण तुमचं ट्यूनर कार्ड ते मानतं का, हे पैसे देण्याआधी बघा. तिथेही साधा स्प्लिटर नाही, युनिकेबलला चालणाराच. खोक्यावर छापलेल्या ‘०.१ डीबी’ नॉइजच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. सी बँडचा, म्हणजे मोठ्या डिशचा एलएनबी वेगळा, तो इथे चालणार नाही.

बसवताना एलएनबी क्लॅम्पमध्ये फिरवून तिरपा करावा लागतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्वेला, त्यामुळे मुंबईत हा तिरपेपणा जवळपास ४५ अंश येतो. एलएनबी सरळच ठेवला तर दोन्ही पोलरायझेशन एकमेकांत मिसळतात. क्वालिटीचा आकडा बघत थोडा थोडा फिरवा.

केबल आरजी-६, आतली तार तांब्याची. कनेक्टरवर पाणी न शिरणारी टेप. जोडताना बॉक्स बंद. शेवटी प्रत्येक ट्यूनरवर वेगळं पोलरायझेशन लावून एकदम रेकॉर्डिंग करून बघा. आणि पुन्हा सांगतो, भिंतीमागे कुणी स्प्लिटर दडवलाय का तेही बघा.