टॅबलेट की ई-रीडर? घ्यायच्या आधी या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आधी डिव्हाइस पसंत करायचं आणि मग त्यात काय वाचायचं ते बघायचं. उलटं करा. कथा-कादंबऱ्याच वाचणार असाल तर ६ इंची ई-रीडर (मुख्यतः पुस्तकं वाचायचं डिव्हाइस) एकदम मस्त, पण अभ्यासाच्या पीडीएफ असतील तर तोच डोक्याला ताप होतो, कारण ए४ पान २१ सेंमी रुंद असतं आणि ६ इंची स्क्रीन जेमतेम ९ सेंमी, म्हणजे अख्खं पान बसवलं की अक्षरं मुंगीएवढी. ईपबमध्ये (हा ई-पुस्तकांच्या फाइलचा प्रकार) फॉन्ट मोठा केला की ओळी आपोआप नव्याने लागतात, पीडीएफमध्ये सहसा तसं होत नाही, मग झूम करा, उजवीकडे सरकवा, पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे या, आणि ई-रीडरची ई-इंक (कागदावरच्या शाईसारखी दिसणारी) स्क्रीन हळू चालते म्हणून दरवेळी थांबा. स्कॅन केलेली पुस्तकं तर फोटोच असतात. अशा वाचनाला सरळ १० इंची टॅबलेट घ्या.

पण तासन् तास नुसतं वाचायचंय आणि तरी टॅबलेट घेताय, ही पण चूकच. ई-इंकला मुख्यतः पान बदलतानाच बॅटरी लागते म्हणून चार्ज आठवडे टिकतो, उन्हातही स्वच्छ दिसतं, आणि मधेच नोटिफिकेशन टपकत नाही, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

रंगीत ई-रीडर बघून लगेच भुलू नका. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक स्क्रीनवर काळी अक्षरं ३०० पीपीआयची (एका इंचात ३०० ठिपके) पण रंग १५० चेच, आणि पान साध्या ई-रीडरपेक्षा जरा काळपट दिसतं. कॉमिक्ससाठी टॅबलेटच बरा.

स्टोअरचं लॉक लोक विसरतातच. किंडलवर (अॅमेझॉनचा ई-रीडर) विकत घेतलेलं पुस्तक कोबोवर (दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर) सहसा उघडत नाही. केबलने टाकलेली ईपब फाइल किंडलवर दिसत नसेल तर फाइल खराब नाहीये, ती सेंड टू किंडलने (अॅमेझॉनची फाइल पाठवायची सोय) पाठवा, कन्व्हर्ट होऊन येते.

आधीच्या पानाची अक्षरं पुसट दिसत राहिली तर स्क्रीन बिघडली म्हणून रिटर्न करू नका, सेटिंगमध्ये दर पानाला रिफ्रेश (स्क्रीन पूर्ण पुसून पान नव्याने दाखवणं) चालू करा. नवीन ई-रीडरची बॅटरी पटापट उतरतेय? एकदम खूप पुस्तकं टाकली की तो आतल्या आत इंडेक्स (शोधासाठी शब्दांची यादी) बनवत बसतो, तेवढं होऊ द्या, नंतर वायफाय बंद ठेवा.

आणि मराठी वाचणार असाल तर घ्यायच्या आधी एखादं मराठी सॅम्पल उघडून जोडाक्षरं तुटतायत का ते नक्की बघा.