माल्ट एक्स्ट्रॅक्ट घालण्याआधी गॅस बंद करा
घरी बिअर करताना माल्ट एक्स्ट्रॅक्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, बहुधा जवाच्या, गोड अर्काचा) पाक उकळत्या पाण्यात तसाच ओतू नका. तो जड असतो, सरळ तळाशी जाऊन बसतो आणि करपतो; मग तो जळका वास काही केल्या जात नाही. आधी गॅस बंद करा, पाक ओता आणि लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून ढवळा. चमच्याला खाली चिकट काही लागेनासं झालं, की मगच गॅस पेटवा. पुन्हा उकळी येताना भांड्यापासून हलू नका, फेस बघता बघता उतू जातो.

पाकाऐवजी एक्स्ट्रॅक्टची पावडर असेल तर ती वाफेपासून लांब ठेवा, नाहीतर पाकिटातच गुठळ्या होतात. १ किलो पावडरीऐवजी साधारण १.२ किलो पाक लागतो. रंग फिकट हवा असेल, तर अर्धा पाक उकळण्याच्या शेवटच्या १५ मिनिटांत घाला.