'चीप' छापण्याआधी

येवल्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं आणि पैठणीवाल्यांचे टॅग. मराठी मजकूर गिऱ्हाईक घेऊन येतं, इंग्रजी मी करते. काही वर्षांपूर्वी एका विणकर काकांच्या साड्यांसाठी मी टॅगवर 'चीप अँड बेस्ट' असं छापून दिलं. प्रदर्शनात एका परदेशी बाईंनी तो टॅग वाचला आणि लगेच पदर उलटा करून सुटे धागे शोधायला लागल्या. यंत्रमागाची साडी असावी असा त्यांचा समज झाला. काकांनी ती दीड महिना हातमागावर बसून विणली होती. परत आल्यावर ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पोरी, असं काय लिहिलंस गं त्यावर?"

तेव्हापासून हा शब्द मी जपून वापरते. तुम्हीही दुकानाची पाटी, माहितीपत्रक किंवा ऑनलाइन जाहिरात इंग्रजीत लिहीत असाल, तर मी कसं ठरवते ते सांगते.

आधी 'चीप'चा स्वभाव ओळखा. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बाजार, सौदा असा होता. लंडनमधला चीपसाइड हा रस्ता म्हणजे तिथली जुनी बाजारपेठ. 'गुड चीप' म्हणजे चांगला सौदा, त्यात कमीपणा काही नव्हता. तो पुढे चिकटला. आपल्याकडे 'सवंग' शब्दाचं हेच झालं. महाग हा शब्द 'महार्घ'वरून आला, सवंग 'समर्घ'वरून, आणि सवंग म्हणजे पूर्वी नुसतं स्वस्त. आज 'सवंग पैठणी' असं कोणी लिहील का? परक्या गिऱ्हाइकाला 'चीप सारी' पुष्कळदा तशीच ऐकू येते.

विमानाचं तिकीट, भाजी, बॉलपेन यांना चीप म्हणायला काहीच हरकत नाही. तिथे कोणी कारागिरी बघत नाही. जिथे हाताचं कसब विकायचं आहे, तिथे मात्र टाळा. मग काय लिहायचं? मी स्वतःला विचारते, की किंमत कशाशी ताडून बघायची आहे?

नुसता आकडा कमी आहे आणि मालात उणं नाही, एवढंच सांगायचं असेल तर 'इनएक्स्पेन्सिव्ह'. हा शब्द जरा पुस्तकी आहे, बोलताना 'नॉट एक्स्पेन्सिव्ह' बरं वाटतं. मालाच्या मानाने किंमत वाजवी असेल तर 'रीझनेबल'. काकांना खरं तर हेच म्हणायचं होतं.

'अफोर्डेबल' म्हणजे परवडणारं. इथे वस्तूपेक्षा घेणाऱ्याचा खिसा बघायचा. जीएसटीच्या नियमांत 2019 पासून 45 लाखांपर्यंतचं, ठरावीक क्षेत्रफळाच्या आतलं घर अफोर्डेबल धरतात. त्याला चीप कोण म्हणेल? म्हणून 'अफोर्डेबल' लिहिताना कोणाला परवडणारं, ते मनात पक्कं असू द्या.

'इकॉनॉमिकल' म्हणजे वापरात काटकसरीचं. मागावर 60 वॅटचा जुना बल्ब रोज दहा तास लावला, तर तीस दिवसांत 18 युनिट जळतात. 9 वॅटचा एलईडी 2.7 युनिटांत भागवतो. विकत घेताना एलईडी महाग असला तरी इकॉनॉमिकल तोच. शेवटचं 'अल' गाळू नका, 'इकॉनॉमिक' म्हणजे आर्थिक, जसं आर्थिक धोरण.

रेशन दुकानाच्या पाटीवर 'रास्त भाव' असतं, इंग्रजीत 'फेअर प्राइस'. तिथे 'चीप' बसवलं, तर 'रास्त'मधला न्यायाचा अर्थच जातो.

आपली एक चूक थेट मराठीतून येते. आपण 'स्वस्त दरात' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'अॅट चीप प्राइसेस' टाइप करतो. इंग्रजीत वस्तू चीप असते, किंमत 'लो' असते. 'अॅट लो प्राइसेस' लिहा. 'एक्स्पेन्सिव्ह प्राइस'ही तसंच चुकीचं, तिथे 'हाय' हवं.

माणसाबद्दल बोलताना तर फारच सांभाळा. आपल्याकडे 'तो फार चीप आहे' म्हणजे हलक्या मनाचा. अमेरिकेत नोकरी करणारी माझी भाची सांगते, की तिथे हेच वाक्य बहुतेक वेळा चिंगूस माणसाबद्दल असतं. तुम्हाला काटकसरी म्हणून कौतुक करायचं असेल तर 'फ्रूगल' म्हणा.

काकांचा टॅग मी पदरचे पैसे घालून परत छापला. 'हँडवोव्हन इन येवला, सिंगल मुनिया बॉर्डर, रीझनेबली प्राइस्ड' आणि खाली किंमत. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच 'रीझनेबली प्राइस्ड' काढायला लावलं. म्हणाले, "किती दिवस लागले ते लिही, बाकी गिऱ्हाईक बघून घेईल." आता तिथे 'फॉर्टी-फाइव्ह डेज ऑन द लूम' असं असतं.