जॅझ ट्रंपेट शिकायचंय? आधी ओठांचा हिशेब

ट्रंपेटवाल्याची कारकीर्द किती वर्षं चालेल, हे बोटांपेक्षा ओठांवर ठरतं. वाल्व्ह (बोटांनी दाबायच्या खुंट्या) तीनच, बाकी सगळे सूर ओठांचा ताण आणि हवेचा वेग यांतून काढायचे. वरचा सूर लागेना म्हणून नवशिके माउथपीस (ओठांना लावायचं तोंड) ओठांवर दाबतात. सूर लागतोही, पण ओठांचा रक्तपुरवठा दबतो, सूज येते आणि थोड्याच वेळात मधल्या पट्टीतले सूरही फाटायला लागतात. ओठांच्या दुखण्यानं जॅझचा नामवंत ट्रंपेटवाला लुई आर्मस्ट्राँगलाही वाजवणं थांबवावं लागलं होतं. ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या दुखापतीला ‘सॅचमो सिंड्रोम’ म्हणतात, ते त्याच्याच टोपणनावावरून.

म्हणून रियाज तुकड्यांत करा: जेवढं वाजवलं तेवढीच विश्रांती. सुरुवातीला २०-२० मिनिटांच्या दोन बैठका पुरेत, त्यातला निम्मा वेळ हळू आवाजातल्या लांब सुरांना द्या. माउथपीसचा वळ ओठांवरून लवकर गेला नाही, तर दाब जास्त पडतोय. जॅझ ट्रंपेटवाला डिझी गिलेस्पीचे फुगलेले गाल बघायला झकास, पण नक्कल नको. ओठांचे कोपरे घट्ट, गाल सपाट.

माउथपीस ७सी मापाचा घ्या. महागड्या, उथळ माउथपीसनं वरचे सूर फुकटात मिळत नाहीत. तेल घालायला वाल्व्ह काढलेत तर ते अदलाबदल न करता आपापल्या जागी बसवा. बहुतेक ट्रंपेटांत वाल्व्हवरचा आकडा माउथपीसच्या बाजूला येतो. चुकलं की फुंक आत जातच नाही आणि माणूस वाद्य बिघडलं म्हणून दुकान गाठतो. खालचे डी आणि सी शार्प चढे लागतात, तेव्हा तिसऱ्या वाल्व्हची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बाहेर सरकवायची. सी शार्पला जास्त.

नेहमीचा ट्रंपेट बी फ्लॅटचा, म्हणजे आपण सी वाजवला की पियानोचा बी फ्लॅट ऐकू येतो. पियानोवाला ‘एफमध्ये ब्लूज’ म्हणाला की आपण जीमध्ये वाजवायचं. बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) हा ब्लूजचा साचा आधी तोंडानं गाता आला पाहिजे. मग जॅझ ट्रंपेटवाला क्लिफर्ड ब्राउनच्या एखाद्या सोलोचे (एकट्यानं वाजवलेल्या भागाचे) चारच बार कानानं उतरवा, गाऊन बघा, मगच वाद्य उचला. कागदावरून पाठ केलेल्या सोलोला डौल येत नाही.

पोट मात्र कागदच भरतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये टिकले, ते कानाइतकंच वाचनही पक्कं असल्यामुळे. त्यांतलाच ट्रंपेटवाला चिक चॉकलेट हॉटेलांत जॅझ वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांवरही काम करायचा. ‘अलबेला’मध्ये (१९५१) तो बँडसह पडद्यावर दिसतो. म्हणून रोज नोटेशनचं एक अनोळखी पान न थांबता वाचा. चुकलं तरी ताल सोडायचा नाही.

कार्यक्रमात हार्मन म्यूट (ट्रंपेटच्या तोंडात बसवायचं, आवाज दबका करणारं बूच) लावला की सूर चढतो, ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) थोडी ओढून घ्या आणि माइक अगदी जवळ ठेवा. वरच्या पट्टीतली गाणी सलग लावू नका. मध्ये सॅक्सोफोनच्या सोलोची जागा ठेवा. दुसरं वाद्य घ्यायचं झालं तर ट्रंपेटचा मऊ आवाजाचा भाऊ, फ्लूगलहॉर्न घ्या. बोटं तीच, पट्टी तीच, आणि बॅलडसाठी (संथ गाण्यांसाठी) त्याला मागणी असते.