बेटाच्या देशाचा कर-प्रस्ताव लिहायचाय? आधी बंदराच्या धक्क्यावर जाऊन उभं राहा

माझी भाची शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करते. गेल्या महिन्यात एका रविवारी चार पानं घेऊन लक्ष्मीपुरीतल्या माझ्या ऑफिसात आली. विषय मिळाला होता : एखाद्या छोट्या बेटदेशासाठी करसुधारणेचा प्रस्ताव तयार करा. म्हणाली, "आत्या, दर सगळे ठरवूनच आलोय मी. बरोबर हाईत का तेवढं बघ की."

पहिल्या पानावर पाच टप्प्यांचा आयकर, दुसऱ्यावर पाच टप्प्यांचा जीएसटी, तिसऱ्यावर वारसा कर. वारसा कर सोडला आणि वरचं देशाचं नाव खोडलं असतं तर आपलंच बजेट म्हणून खपलं असतं. मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांची रिटर्नं भरते, बेटदेशाचं काम कधी केलेलं नाही. पण पोरगी उलट्या टोकानं चाललीय एवढं कळायला तेवढा अनुभव पुरला. त्या दिवशी चहाच्या दोन फेऱ्यांत तिला जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते. असा प्रस्ताव लिहायची वेळ आणखी कुणावर आली तर उपयोगी पडेल.

दर बाजूला ठेवायचे. पहिल्या दिवशी दर लिहायचाच नाही. आधी कोरा कागद घ्यायचा आणि त्या देशात बोटीनं काय येतं आणि बोटीनं काय जातं ते लिहायचं. तिला म्हटलं, ऑगस्ट २०१९ आठव. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि आठवडाभर कोल्हापूरच बेट झालं. पेट्रोल पंपावर रांगा, भाजी मिळेना, दुधाची गाडी येईना. आपण काय काय बाहेरून आणतो ते तेव्हा एका दिवसात कळलं. बेटदेशात बारा महिने तेच, फक्त पाणी खारं. मालदीवमध्ये तांदूळ, पीठ, डिझेल, सिमेंट, सगळं बाहेरून. आणि आकार म्हणशील तर मॉरिशस २,०४० चौरस किलोमीटर, लोक साडेबारा लाखांच्या आसपास. आपला जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार. म्हणजे तू एका देशाचा नाही, दोन-तीन तालुक्यांचा कर लिहितीयस, असं डोक्यात ठेव.

हा कागद झाला की दुसरा प्रश्न : पैसा आत येतो ती दारं किती? माझे वडील गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती तेव्हा नाक्यावर ट्रकची रांग, पावती फाडणारा कारकून, आणि पलीकडच्या शेतातून आडरस्त्यानं निघालेला एखादा टेम्पो हे त्यांनी रोज पाहिलेलं. जकात शहाणी होती म्हणून टिकली असं नाही. नाक्यावर एक माणूस बसवला की वसूल होत होती, म्हणून टिकली. बेटदेशांची जुनी करव्यवस्था आयात शुल्कावर उभी राहिली ती याच कारणानं. बंदर एक नाही तर दोन, आडरस्ता नाही. अशा ठिकाणी "आयात शुल्क जुनाट आहे, काढून टाका आणि व्हॅट आणा" हे वाक्य लिहायला सोपं. (व्हॅट म्हणजे आपल्या जीएसटीसारखा विक्रीवरचा कर; खरेदीवर भरलेला कर दुकानदार त्यातून वजा करतो.) पण लिहिणाऱ्यानं एकदा तरी वही काढून हिशेब करावा. आम्ही केला.

एक माशाचा डबा घ्या. बंदरात किंमत १०० रुपये. आज त्यावर ३० टक्के शुल्क. दुकानदाराला १३० ला पडतो, तो २० टक्के चढवतो, गिऱ्हाईक १५६ देतं. सरकारला ३०. आता शुल्क १० टक्के करा आणि १५ टक्के व्हॅट लावा. बंदरात १० शुल्क, मग ११० वर व्हॅट १६.५०. म्हणजे २६.५० धक्क्यावरच वसूल. दुकानदार ११० वर २० टक्के चढवून १३२ करतो, वर १९.८० व्हॅट, गिऱ्हाईक १५१.८० देतं. बंदरात भरलेले १६.५० तो वजा करून घेतो आणि सरकारला ३.३० भरतो. सरकारची एकूण जमा २९.८०.

भाची म्हणाली, "फक्त वीस पैसे गेले? आणि गिऱ्हाईकाचे चार रुपये वाचले?" वाचले, कारण आधी दुकानदार शुल्कावरसुद्धा नफा चढवत होता. पण बघायची गोष्ट वेगळीच आहे. २९.८० पैकी २६.५० अजूनही धक्क्यावरच येतात. दुकानातून फक्त ३.३०. मग त्या ३.३० साठी बेटावरच्या प्रत्येक टपरीवाल्याला नोंदणी, बिलबुक आणि रिटर्न लावायचं का? नाही लावायचं. नोंदणीची उलाढाल-मर्यादा वर ठेवायची, म्हणजे त्याखालच्या दुकानदाराला नोंदणीच नको. टपरीवाला नोंदणीत नसेल तर बंदरातले १६.५० त्याला परत मिळत नाहीत. त्याला डबा १२६.५० ला पडतो, २० टक्के चढवून तोही १५१.८० लाच विकतो. सरकारचे ३.३० बुडाले, पण एक माणूस आणि एक फाइल वाचली. छोट्या देशात फाइल तपासायला माणसं मिळणं हीच मोठी अडचण असते. माझ्याकडचंच सांगते : निम्म्याहून जास्त कर सात-आठ अशील भरतात आणि माझा निम्म्याहून जास्त वेळ बाकीच्यांत जातो. प्रस्तावात मर्यादेसाठी एक अख्खं पान द्या. दरासाठी एक ओळ पुरते.

मालदीवनं हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. २०११ मध्ये पर्यटनावरच्या मालसेवेला वेगळा कर लावला, सुरुवात ३.५ टक्क्यांनी. मग पायरी पायरीनं चढवत २०२३ मध्ये १६ आणि जुलै २०२५ पासून १७ टक्के. साध्या व्यवहारावरचा जीएसटी मात्र ८ टक्के. वर पाहुण्याकडून दर दिवसाला हरित कर. रिसॉर्ट मोजके, पावती छापील, पैसा डॉलरमध्ये. रिसॉर्ट म्हणजे दुसरा जकात नाकाच, वातानुकूलित. वैयक्तिक आयकर तिथं थेट २०२० मध्ये आला, आणि तोही वर्षाला ७ लाख २० हजार रुफियांपर्यंत (रुफिया हे तिथलं चलन) शून्य ठेवून. म्हणजे बहुतेक पगारदारांना हातच लावला नाही. तिच्या पाच टप्प्यांच्या आयकरावर मी तिथं काट मारली.

मॉरिशसची गोष्ट आपल्या साखरेच्या पट्ट्यातल्या माणसाला जास्त लवकर कळेल. शिवाय तिथं मराठी माणूस आहे, एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून उसाच्या मळ्यावर नेलेला. त्यांची साखर १९७५ पासून एका करारानं युरोपात चढ्या भावानं जात होती. आपल्याकडं एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या सरकारनं ठरवलेल्या किमान भावासाठी, रस्ता तरी अडवता येतो; त्यांचा भाव ब्रसेल्समध्ये ठरायचा. युरोपनं २००६ पासून टप्प्याटप्प्यानं तो ३६ टक्के उतरवला आणि २००९ मध्ये करारच संपला. त्याच सुमारास मॉरिशसनं कंपनी आणि माणूस दोघांनाही सरसकट १५ टक्के आयकर ठेवला, सुटी-सवलतींचं जंगल तोडलं, आयात शुल्कं उतरवली, आणि आयकर, व्हॅट, सीमाशुल्क एकाच प्राधिकरणाखाली आणलं. त्या सुधारणेतलं दराचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर खरं काम सवलती काढण्याचं आणि एका छताचं होतं. सरसकट दर पुढे टिकला नाहीच, २०२३ मध्ये टप्पे परत आले. छत टिकलं.

सवलतींच्या पानावर आणखी एक सांभाळायचं. "परदेशी कंपनीला दहा वर्षं करमाफी" असं पोरं डोळे मिटून लिहितात. ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय गटांसाठी आता १५ टक्क्यांचा जागतिक किमान कर आलाय. बेटानं शून्य घेतला तर उरलेले १५ दुसरा एखादा देश वसूल करू शकतो. म्हणजे माफी बेटानं द्यायची आणि तिजोरी भलत्याची भरायची. बार्बाडोसनं २०२४ पासून कंपनी कर ९ टक्के केला आणि मोठ्या गटांसाठी १५ पर्यंतची भर आपल्याकडेच घ्यायची सोय केली, ती यासाठीच. तसंच, उत्पन्न एखाद्या करारावर उभं असेल तर तेही लिहा. भारतानं २०१६ मध्ये मॉरिशसबरोबरचा जुना करविषयक करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून मॉरिशसमधून घेतलेल्या भारतीय शेअरवरचा नफा इथं करपात्र झाला. बेटावर कुणी काही न करता, भारतात पैसा मॉरिशसमार्गे गुंतवून देण्याचा बेटाचा धंदा आक्रसला. नाउरूचं तर आणखी वाईट : फॉस्फेटच्या जिवावर कित्येक वर्षं आयकरच नव्हता, पगारावर कर आला तो २०१४ मध्ये.

लोकांना पटलं नाही तर काय होतं हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. शहरातला टोल कागदावर मंजूर होता, नाके बांधून तयार होते. २०१५ च्या अखेरीस गुंडाळावा लागला. म्हणून प्रस्तावात "कुणाला किती जास्त बसेल" याचा तक्ता लपवू नका, वरच ठेवा. मच्छीमार, शाळामास्तर, हॉटेलातली बाई, तिघांच्या महिन्याच्या खर्चावर काय फरक पडतो ते रुपयांत दाखवा. आणि दर सारखा हलवू नका. फिजीत व्हॅट १९९२ मध्ये १० टक्क्यांनी सुरू झाला, पुढे १२.५, २०११ मध्ये १५, २०१६ मध्ये ९, २०२३ मध्ये परत १५, २०२५ मध्ये परत १२.५. दर वेळी दुकानदारानं किमतीच्या चिठ्ठ्या बदलायच्या. उतरताना तो बदलतोच असं नाही, हे मी इथल्या बाजारातही पाहिलंय.

शेवटचं पान आपत्तीचं. ते बहुतेक जण विसरतात. मार्च २०१५ मध्ये वानुआतूवर पाम वादळ आलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये फिजीवर विन्स्टन, २०२० मध्ये पर्यटक येणंच थांबलं. अशा वेळी रिटर्नची मुदत आपोआप किती दिवस पुढं जाईल, आगाऊ कर थांबवायचा अधिकार कुणाला, कुठल्या मालाचं शुल्क किती दिवस माफ, हे कायद्यातच हवं. पाणी चढल्यावर परिपत्रकाची वाट बघायला लागू नये. २०१९ च्या पुरानंतर शाहूपुरीतल्या एका अशिलाची दोन वर्षांची बिलं लगदा होऊन आली होती. मी आणि माझ्या असिस्टंटनं ती ऑफिसात दोरीवर वाळत घातली, काहींवर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली. शाई उडालेल्या बिलांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सिद्ध करता करता वर्ष गेलं.

भाचीनं चारही पानं टाकून दिली आणि मालदीव धरलं. परवा रात्री फोन : "आत्या, नोंदणीची मर्यादा किती ठेवू?"

म्हटलं, आधी माले या राजधानीत दुकानं किती आहेत ते शोध, मग फोन कर.