साइट गूगलवर दिसत नाही? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच साइट मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असतात. त्यामुळे नेहमीच्या चुकांत इथल्या खास चुकांची भर पडते. काहीही बदलण्याआधी सर्च कन्सोल या गूगलच्या साधनातल्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये पानाचा पत्ता टाका. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) पानापर्यंत पोचलाच नाही, की पोचूनही पान गूगलच्या यादीत म्हणजे इंडेक्समध्ये घेतलं गेलं नाही, हे तिथे कळतं. दोन्हींचे उपाय वेगळे.

वर्डप्रेस असेल तर आधी सेटिंग्जमधलं ‘रीडिंग’ उघडा. साइट बनवताना सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण केलेली असते आणि नंतर ती काढायची राहून जाते.

पान लपवायला रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने कुठे जाऊ नये ते सांगणारी robots.txt) बंदी आणि पानावर नोइंडेक्स (‘हे पान निकालांत नको’ अशी खूण), असं दोन्ही लावू नका. बंदीमुळे बॉट आत येत नाही, मग नोइंडेक्स वाचणार कसा? दुसरीकडून लिंक असेल तर नुसता पत्ता निकालांत दिसत राहतो. बंदी काढा, नोइंडेक्स ठेवा. रोबोट्स फाइलची जुनी प्रत गूगल साधारण 24 तासांपर्यंत वापरतं, तेवढा धीर धरा.

सगळ्यात महागात पडते ती आयपीवरून (इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून ठिकाणाचा अंदाज येतो) भाषा ठरवण्याची हौस. कर्नाटकातला आयपी दिसला की कन्नड, बाहेरचा दिसला की इंग्रजी! बेळगावातल्या मराठी गिऱ्हाइकाला कन्नड पान मिळतं आणि बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येणाऱ्या गूगलबॉटला मराठी पान कधी दिसतच नाही. प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्या आणि पानाच्या वर दुसऱ्या भाषांच्या साध्या लिंक ठेवा. एचरेफलँग (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते सांगणारा टॅग) तिन्ही पानांवर परस्परांकडे बोट दाखवणारा हवा. कॅनॉनिकल (मुख्य पान कोणतं ते सांगणारा टॅग) मात्र ज्या पानाचा त्याच पानाकडे. तिन्हींचा कॅनॉनिकल इंग्रजीकडे वळवलात तर मराठी पान बाद होण्याचीच शक्यता जास्त. एकाच पानावर अर्धं मराठी, अर्धं कन्नडही नको. गूगल भाषा दिसणाऱ्या मजकुरावरूनच ओळखतं.

डीटीपीवाल्याकडून आलेला श्रीलिपी किंवा जुन्या नुडी (कन्नड) अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवू नका. फॉन्ट असेल तिथे तो नीट दिसतो, पण आत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. वाचता आली नाही तर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) बदला.

देवनागरी पत्त्याला गूगलची हरकत नाही, अडचण वर्डप्रेसची आहे. तिथे स्लगला (पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग) 200 कॅरॅक्टरची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार एन्कोड झाल्यावर (%E0 अशा चिन्हांत बदलल्यावर) 9 कॅरॅक्टर खातो. ‘बेळगावचा कुंदा घरपोच मागवा’ या मथळ्याचा स्लग ‘बेळगावचा-कुंदा-घरपोच-माग’ इथेच तुटतो. प्रकाशित करण्याआधी छोटा स्लग हाताने लिहा. नंतर बदलायची वेळ आली तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे 301 (कायमचं वळण) लावा.

साइटमॅपमध्ये (साइटवरच्या पत्त्यांची यादी) प्रायोरिटीचे म्हणजे पानाच्या महत्त्वाचे आकडे भरण्यात वेळ घालवू नका, गूगल ते बघत नाही. फाइलला 50,000 पत्त्यांची मर्यादा आहे. दुकानाच्या साइटला तिची काळजी नको.

2014 च्या नोव्हेंबरात शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, म्हणून ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ अशी दोन जुळी पानं करू नका. दोन्ही नावं एकाच पानात येऊ द्या.

सर्च कन्सोलमध्ये ‘क्रॉल झालं, पण इंडेक्स नाही’ (बॉटने पान वाचलं, पण यादीत घेतलं नाही) असं दिसलं तर बिघाड बहुधा तांत्रिक नसतो. पुन्हा पुन्हा इंडेक्सिंगच्या विनंतीचं बटण दाबून काही होत नाही. चिकोडी, हुक्केरी, गोकाक अशी नुसती नावं बदलून केलेली पानं अशीच अडकतात. ती एकत्र करा आणि प्रत्येक गावाचा डिलिव्हरीचा वार व खर्च त्यात लिहा.